सोन्याच्या खड्ड्यावरचा दुसरा कप

अंगण झाडलं म्हणून नोटीस! ऐकलंत का कधी? नाही, तुम्हीच सांगा ना, एवढे शहाणे बसलाय इथे... माणसानं अंगण झाडलं, सडा घातला, रहाटाला तेल दिलं, तर खाण-खात्याचा कागद आला, की आपली खाण विनापरवाना चालू असल्याचे दिसून येते, तरी खुलासा करावा! आता काय खुलासा करायचा? की मायबाप, चुकलो, पुढच्या वेळेपासून घाण करून ठेवतो? हसताय तुम्ही. हसा. मीही हसलो होतो, जीपच्या स्टिअरिंगवर कपाळ टेकवून हसलो होतो, आणि मग सावळीरामचं तोंड बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, ते हसू जे थांबलं ते थांबलंच.

आता सावळीराम कोण? तर इगतपुरीच्या वर, डोंगराच्या कुशीत एक खाण आहे, तिचा राखणदार. कसली खाण? सोन्याची. हां, आता मोकळेपणानं हसून घ्या! नाशिक जिल्ह्यात सोन्याची खाण म्हटलं की सगळेच हसतात, द्राक्षाची असेल म्हणतात, कांद्याची असेल म्हणतात. पण होती बरं का. कोणीतरी कंपनी आली, कोणीतरी दगड तपासला, कोणाला तरी त्यात काहीतरी चमकलं, झालं, खणलं भसाभस! वर मोठा लोखंडी रहाट बसवला माती ओढायला, पंप आणला, राखणदाराला एक खोली बांधली, आणि एवढं सगळं करून जे सोनं निघालं त्यात साळूबाईच्या नाकातली चमकीसुद्धा झाली नसती. साळूबाई म्हणजे सावळीरामची बायको. ती काय म्हणायची माहितीये? "आवं, ह्यांच्यापरीस आमचा सोनार बरा, तो निदान घट तरी सांगतो."

मग कंपनी जशी आली तशी गेली. माणसं गेली, ट्रक गेले, साहेब गेले... गेला नाही तो फक्त कायदा! कायदा तिथेच मुक्कामाला. कारण तुम्हाला सांगतो, चालू खाणीला फक्त खणायचं असतं, पण बंद खाणीला काय काय लागतं हे बंद खाणवाल्यालाच विचारा. कुंपण पाहिजे. खड्ड्यातलं पाणी उपसलेलं पाहिजे. मातीच्या ढिगावर झाडं पाहिजेत. बोर्ड पाहिजे. धूळ उडू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर पाणी मारलेलं पाहिजे. धूळ! इगतपुरीत! अहो, जिथे पावसाळ्यात काडेपेटी पेटत नाही, उशाखालच्या नोटांना बुरशी लागते, तिथे धूळ! पण अटीत लिहिलंय म्हटल्यावर लिहिलंय.

ही पूर्तता बघायला कंपनीचा एकच माणूस उरलेला, रंगनाथराव, नाशकात एका जिन्याखालच्या ऑफिसात बसतो. त्याचा फोन यायचा, "सावळीराम, अरे पाणी मारतानाचा फोटो पाठव, वर द्यायचाय." सावळीराम म्हणायचा, "रावसाहेब, पाऊस धो धो चालू हाय, कसलं पाणी मारू?" "अरे पाऊस पडणं वेगळं आणि आपण पाणी मारणं वेगळं! पाऊस काय आपल्या खात्यावर जमा होणारे का?" मग काय, साळूबाई डोक्यावर इरलं घ्यायची, हातात बादली घ्यायची, आणि त्या कोसळत्या पावसात रस्त्यावर पाणी मारायची, आणि सावळीराम छत्री मानेत धरून फोटो काढायचा, आणि दोघं इतकी हसायची, इतकी हसायची की फोटो हलायचाच. रंगनाथरावाचा पुन्हा फोन, "फोटो हललाय. पुन्हा मारा."

आणि झाडांचं तर विचारूच नका. साळूबाई माळ्याची मुलगी, मखमलाबादकडची, सगळं माहेर फुलबाजारावर जगलेलं. तिला सांगितलं ढिगावर झाडं लावा, तिनं अख्ख्या ढिगावर झेंडू लावला! दसऱ्याच्या सुमारास त्या घाटातून बघावं तर हिरव्या डोंगराच्या अंगावर हा पिवळाजर्द ढीग. रंगनाथराव आला, बघून कपाळाला हात. "साळूबाई, अहो झाडं लावायला सांगितली होती! झेंडू हे झाड आहे का?" साळूबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मग काय जनावर हाय?" रंगनाथराव चहा प्यायला आणि गेला.

तुम्हाला सांगतो, त्या बाईनं ती खाण अशी ठेवली होती, अशी ठेवली होती, की चालू असताना कंपनीनं ठेवली नसेल. रोज झाडणं, सडा, उंबऱ्यावर रांगोळी, रहाटाच्या दांड्याला तेल, पंपाला फडकं. कोणी म्हणालं, "अगं साळूबाई, बंद खाण आहे ती, कशाला जीव आटवतेस?" की तिचं ठरलेलं उत्तर, "बंद हाय, मेलेली नाय." बस्स. पुढे बोलायचं नाही. दसऱ्याला रहाटाला झेंडूचं तोरण, नारळ, हळदकुंकू, आणि मग आपट्याची पानं घेऊन खड्ड्याच्या कडेला जायची आणि आत सोडायची. म्हणायची, "घे बाई सोनं. तू नाय दिलंस, आम्ही देतो." त्या खाणीत सोनं पडलं असेल तर ते तिनं टाकलेलं.

आणि तो बोर्ड. खड्ड्यापाशी लाल अक्षरात कंपनीनं लावलेला, नियमच आहे तसा, की धोका, खड्ड्यापाशी एकट्याने जाऊ नये. साळूबाईला वाचता येत नव्हतं. सावळीरामनं तिला पहिल्याच दिवशी वाचून दाखवला, आणि तुम्हाला सांगतो, सरकारचा कुठला नियम ह्या देशात कोणी पाळला असेल तर तो साळूबाईनं पाळला! संध्याकाळी खड्ड्यातलं पाणी किती चढलं ते बघायला सावळीराम निघाला की ही तव्यावरची भाकरी उतरवून मागे. "अगं, तू कशाला? भाकरी निवंल." "निवू द्या. बोर्डावर काय लिव्हलंय? एकट्यानं जायचं नाय." रोज. पाऊस असो, थंडी असो, गुडघे दुखत असोत. दोघं जायची, खड्ड्यात डोकावायची, उगाच थोडी उभी राहायची, परत यायची आणि ओट्यावर बसून चहा प्यायची. दोन कप. कानाला निळी फुलं असलेले, इगतपुरीच्या बाजारातून आणलेले.

आता तुम्ही म्हणाल, बद्रुद्दीन, तुला हे सगळं कसं ठाऊक? अहो, मी नाशिकरोडचा जीपवाला, खात्याची माणसं वर तपासणीला न्यायचं भाडं माझंच. वर्षानुवर्षं जातोय. साहेब लोक खड्डा बघायचे, मी ओट्यावर चहा प्यायचो. आणि साळूबाईला शेवटचं खाली आणलं तेही माझ्याच जीपमधून.

गेल्याच्या गेल्या श्रावणात. छातीत कळ आली म्हणून सावळीरामचा फोन, मी नेमका घोटीपर्यंत आलेलो, तसाच वर गेलो. मागच्या सीटवर तिला निजवली, डोकं सावळीरामच्या मांडीवर. आणि ही बाई, श्वास पुरत नाही, घामानं डबडबलेली, आणि बोलतेय काय? "रहाटाला तेल घालायचं ऱ्हायलंय." सावळीराम म्हणतो, "घालतो गं, तू बोलू नको." "चुलीतला इस्तू झाकला का?" "झाकला." मला आरशात दिसत होतं सगळं, मी आरसा फिरवला दुसरीकडे. घाटाच्या वळणावर तिनं त्याचा हात धरून डोकं उचललं असावं, कारण तिचा आवाज एकदम जवळून आल्यासारखा आला, "आणि सांजच्याला खड्ड्याकडं एकटं जाऊ नका." झालं. एवढंच. खाली पोचेपर्यंत सावळीराम तिच्याशी बोलत होता आणि मला कळलं होतं की आता तो एकटाच बोलतोय. गाडी थांबवायचा धीर मला झाला नाही.

लोकांना वाटलं, आता हा खाली येईल. मुलगी सटाण्याला दिलेली, तिनं किती विनवलं, "बाबा, चला आमच्याकडं, तिथं त्या डोंगरात काय ठेवलंय?" हा म्हणाला, "सगळंच." आणि राहिला वर. आणि तुम्हाला सांगतो, ज्या माणसानं जन्मात केरसुणीला हात लावला नव्हता, तो सकाळी उठून झाडायला लागला! सडा घालायला लागला! रांगोळी काढायचा हो... मी बघितलीये, कसलं कमळ, पानकोबी दिसायचा तो, पण काढायचा. रहाटाला तेल, पंपाला फडकं. चहा मात्र त्याला एका माणसाचा टाकताच यायचा नाही. हातालाच सवय नाही! आधण दोघांचं, साखर दोघांची, मग दोन कप भरायचे, एक आपण प्यायचा आणि एक ओट्यावर, तिच्या जागेपुढे, निवत ठेवायचा. मी म्हणालो, "सावळीराम, अरे कशाला..." तर माझ्याकडे बघून म्हणाला, "बद्रूभाई, बंद हाय, मेलेली नाय." खाणीबद्दल बोलला असेल, असं मनाला सांगितलं आणि चहा प्यायलो.

दसरा आला. घरात मयत झालेली, त्याला सण नव्हता. पण म्हणाला, "मला सण नाय, रहाटाला काय झालं?" आणि तिनं लावलेल्या झेंडूची तोरणं केली, नारळ फोडला, खड्ड्यात आपट्याची पानं सोडली, सगळं जसंच्या तसं. आणि नेमक्या दुसऱ्या दिवशी तपासणी!

शुभांगी मॅडम. नव्या आलेल्या, तरुण पोर, अभ्यास करून परीक्षा देऊन लागलेली, मन लावून काम करणारी. मला आवडल्या बरं का, जीपमध्ये बसल्यावर पहिलं मला विचारलं, काका, जेवलात का? पण कायदा म्हणजे कायदा! उतरल्या आणि बघतात तर काय? रस्ता झाडलेला. कुंपण ताठ. पंप चकाचक. रहाटाला ताजं तोरण, दांड्याला तेल, कडेला नारळाची करवंटी. मॅडमनी रहाटाला बोट लावलं, बोटाला तेल. मॅडमनी रहाट जरासा ढकलला, तर तो लोण्यासारखा फिरला हो, किर्र सुद्धा नाही! मॅडम म्हणाल्या, "काका, हे यंत्र चालू आहे." "नाय मॅडम, बंद हाय." "मग त्याची पूजा का केलीत? पूजा चालत्या यंत्राची करतात." बरोबरच आहे ना? तुम्ही भंगारातल्या मोटरसायकलला हार घालता का? "आणि हा रस्ता एवढा कशासाठी झाडता? कोण येतं जातं?" "कुनी नाय." मग मॅडमची नजर ओट्यावर. दोन कप. एक रिकामा, एक भरलेला, वाफ निघतेय.

"दुसरा माणूस कुठे आहे?"

सावळीरामनं कपाकडे बघितलं. "काका, कप दोन आहेत. म्हणजे इथे दोन माणसं आहेत. आम्हाला बघून कोणी लपलंय का? खाली खड्ड्यात उतरलंय का? माझ्याकडे नोंद एकाच राखणदाराची आहे." आता सांगायचं ना त्यानं, की बाई, बायको गेली, तिचा कप आहे! पण सांगायला तोंड उघडलं की ते खरं होणार होतं ना... तुम्हाला सांगतो, त्यानं नुसता तिचा कप सरळ केला, आणि मॅडमनी विचारलं, "हे बघा, एवढंच सांगा, खाण बंद आहे ना?" आणि ह्या माणसाच्या तोंडून काय निघावं? "बंद हाय मॅडम... मेलेली नाय."

संपलं! मॅडमनी लिहून घेतलं. मी मध्ये पडलो, म्हणालो, मॅडम, तसं नाहीये, त्याची बायको... तर सावळीरामनं माझा दंड असा धरला, असा धरला की मी गप्प बसलो. त्याला ते कोणाला सांगायचं नव्हतं. निदान त्या ओट्यावर तरी नाही.

नोटीस आली आणि रंगनाथरावाच्या जिन्याखाली भूकंप! "सावळीराम, अरे काय करून ठेवलंस! खाण चालू ठरली तर कंपनी हात झटकून मोकळी होईल, खोलीला कुलूप लावतील, पाडतील, तुला डोंगरावरून खाली सोडतील!" पगाराचं सावळीरामला काही नव्हतं हो. पण खोली? ती चूल तिनं घातलेली. उंबऱ्याला तिच्या रांगोळीचा रंग बसलेला. ओट्यावरची तिची बसायची जागा घासून गुळगुळीत झालेली. ते पाडणार? तो घाबरून म्हणाला, "रावसाहेब, काय करू सांगा, समदं करतो." आणि रंगनाथराव म्हणाला, "काही करू नकोस! तेच तर करायचंय! पुढच्या तपासणीपर्यंत कशालाही हात लावू नकोस. झाडू नको, तेल नको, फुलं नको. बंद खाण बंद दिसली पाहिजे!"

आता तुम्ही म्हणाल, काही न करणं किती सोपं. करून बघा! हा बिचारा सकाळी उठायचा, केरसुणीकडे हात जायचा, हात मागे घ्यायचा. पाचोळा दारात येऊन पडला की हा तोंड फिरवून बसायचा. आणि रंगनाथरावाचे फोन, "गंज आला का रे?" "यतोय हळूहळू." "जरा लवकर आण! कोळिष्टकं?" "कोळी अजून फिरकला नाय रावसाहेब." "गवत?" "वाढतंय." "आणि तो झेंडू उपट आधी! लांबून दिसतो!" "रावसाहेब, झेंडू नको..." "उपट!"

मी वर गेलो होतो त्या दिवशी, सहजच, भाडं नव्हतं. झेंडू तर ह्यानं पुन्हा लावलाही नव्हता, मागच्या वर्षीच्या फुलांचं बी पडून आपलं आपण उगवलेलं ढिगभर. ते सगळं उपटून हा ढिगाच्या पायथ्याशी बसलेला, मांडीवर रोपांचा भारा, मुळांची माती धोतरावर सांडलेली, आणि रडतोय. मोठ्यानं, लहान मुलासारखा. म्हणाला, "बद्रूभाई, श्रावणात गेली तवा यवढं वाटलं नव्हतं. तवा ती गेली. आता मी तिला हातानं काढून टाकतुया." मी बसलो शेजारी. रोपांचा वास येत होता, झेंडूचा, पानं चुरगळल्यावर येतो तो. अजून कुठे तो वास आला की मी गाडीची काच वर घेतो.

तिचा कप मात्र त्यानं फोडला नाही, टाकला नाही. पिठाच्या डब्यात खोल पुरून ठेवला. चहा तसाच दोघांचा टाकायचा. उरलेला पातेल्यातच राहायचा आणि संध्याकाळी ओतून द्यायचा.

आणि पावसानं बाकीचं केलं. तो पावसाळा असा लागला की रहाट तांबडालाल, गवत माणसाच्या छातीपर्यंत, कुंपण आडवं, अंगणात शेवाळ. साळूबाई बघती तर त्याला आणि मला, दोघांनाही, केरसुणीनं बडवती. भादव्यात मॅडम पुन्हा तपासणीला. जीपमध्ये सोबत रंगनाथराव, सगळा रस्ता देवाचं नाव घेतोय. पोचलो. मॅडमनी रहाटाला हात लावला, हाताला गंज. ढकलला, हलेना. दोन्ही हातांनी ढकलला, हलेना! मॅडम म्हणाल्या, "हं. आता मात्र खाण खरंच बंद आहे. मागचा आक्षेप मी काढून टाकते." अहो, रंगनाथराव रडायचाच बाकी! सावळीरामनं ओट्याला हात टेकवला. खोली वाचली होती. ओटा वाचला होता. मला वाटलं, चला, सुटलं गाडं.

कसलं सुटतंय! मॅडमनी पान उलटलं. "पण देखभाल काहीच दिसत नाही. कुंपण पडलंय. गवत वाढलंय. रहाटाला गंज. मागच्या वेळी किती छान ठेवलं होतं तुम्ही!" बघा! आता सांगा, डोकं कुठे आपटायचं? रंगनाथराव म्हणतो, "करतो मॅडम, उद्यापासून झाडायला लावतो." झाडायला लावतो! ज्याला वर्षभर झाडू नको म्हणून फोन केले, त्याला! आणि सावळीराम इतका भोळा, त्याला राग येण्याऐवजी त्याचा चेहरा उजळला हो. "झाडू का मॅडम? झाडलं तर चालंल?" मॅडम म्हणाल्या, "चालेल म्हणजे? झाडलंच पाहिजे." त्याच्या डोळ्यांत मी तेवढ्यात बघितलं, तेवढ्यापुरता तो सुखी होता.

मग मॅडम खड्ड्याकडे गेल्या. बोर्डावर वेल चढलेली, ती त्यांनी हातानं बाजूला केली आणि वाचलं. थांबल्या. मागे वळून म्हणाल्या, "काका, रोज पाणी बघायला इथे येता ना?" "येतो." "सोबत कोण असतं?"

बघा, कोणी वाईट नव्हतं त्यात. त्या पोरीला खरोखर काळजी वाटली होती. म्हातारा माणूस, निसरडी कड, पडला तर हाक ऐकायला कोणी नाही. नियम त्याच्यासाठीच आहे. "काका, हे चालणार नाही. जागेवर दुसरा माणूस पाहिजेच. तुम्ही इथे एकटे राहता, हे नियमात बसत नाही."

सावळीराम तिच्याकडे बघत राहिला. मग वळून खोलीत गेला. डब्याचं झाकण वाजलं. बाहेर आला तो हातात कप, निळ्या फुलांचा, पिठानं पांढरा झालेला, बाहेर येता येता धोतरानं पुसत होता. चुलीवर चहा होताच, दोघांचा. त्यानं दोन कप भरले. एक आपल्या जागेपुढे ठेवला, एक तिच्या. आणि मॅडमना म्हणाला, "लिव्हा मॅडम. दोन माणसं हायेत."

मॅडम म्हणाल्या, "काका... कपावरून माणूस कसा धरणार?"

"मागच्या येळेला धरला व्हता, मॅडम. तुमीच म्हनला व्हता, कप दोन हायेत म्हंजे माणसं दोन. तवा मला बोलता आलं नाय, पर लय बरं वाटलं व्हतं. ती गेल्यापून तिला मोजणाऱ्या तुमीच एकल्या."

रंगनाथराव कुंपणाकडे बघायला लागला. मी जीपच्या टायरकडे. मॅडमच्या हातातलं पेन हवेतच. आणि मग त्यांना कळलं... मागच्या दसऱ्याचं सगळं, तोरण, तेल, झाडलेला रस्ता, सगळं एकदम कळलं, मला त्यांच्या तोंडावर दिसलं कळलेलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. पण सरकारी माणूस तरी काय करणार हो? खोटं कसं लिहिणार? लिहिलं त्यांनी. वाचूनही दाखवावं लागतं, तोही नियम. म्हणून वाचलं, "त्रुटी: जागेवर माणूस एकटाच आहे. या त्रुटीची लवकरात लवकर पूर्तता करावी." आणि खाली सावळीरामची सही घेतली. आणि मग, हे मात्र कुठल्या नियमात बसत नाही, ओट्यावर खाली बसल्या, तिच्या जागेच्या शेजारी, तिच्या जागेवर नाही, आणि चहा निवेपर्यंत बसून राहिल्या.

मग सगळे जीपमध्ये बसले. मी गाडी सुरू करत होतो तेवढ्यात सावळीराम धावत आला, खिडकीशी. हातात केरसुणी, लागलीच झाडायला घेतलेलं. मला वाटलं काही राहिलं असेल जीपमध्ये. तर खिडकीत वाकून हळूच, मॅडमना ऐकू जाऊ नये असा म्हणाला, "बद्रूभाई, तुमी शहरात ऱ्हाता, तुमाला ठावं असंल... ही पूर्तता कोणत्या हापिसात करून मिळती, तेवढं इचारून या. रांग कितीबी मोठी असू द्या, म्या उभा ऱ्हातो."